तांबडी लोंबी

माझी पापणी जड होऊन डोळ्यावर यायला लागली, तेव्हा गावाने आधी ठरवलं की राहीला मिजास आलीय, माणसांकडे अर्ध्या डोळ्याने बघते. मग ठरवलं की ती संध्याकाळची थोडी घेते. कारण सकाळी मी धडधाकट असायची आणि गुरं घरी यायच्या वेळेला डोळे मिटायला लागायचे, जीभ अडखळायची, हंडा उचलताना हात गळायचे. भाकरी चावता चावता जबडा थकायचा. हनुवटी हाताने धरून मी घास चावायची आणि नवरा समोर बसून म्हणायचा, "सावकाश खा. कोण मागं लागलंय काय?" धाऊ माणूस वाईट नाही. पण गाय बसली तर तो डोळखांबला धावत जाऊन डॉक्टर आणतो, आणि बायको बसली तर म्हणतो, बघू.

शेवटी त्याने भगत आणला. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले, इकडे तिकडे बघितलं आणि सांगितलं, "गिरजा हाय. छातीवर बसलीय."

गिरजा म्हणजे धाऊची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली, पोरही गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी या घरात आले. दुसरेपणाच्या बायकोला सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालावा लागतो, तसा मी लग्नापासून घालते. अंघोळीला काढत नाही, आजारपणात काढत नाही. जिला मी कधी पाहिलं नाही त्या बाईला मी इतकी वर्षं छातीवर वागवलं. तिला बसायला आणखी जागा कशाला लागेल?

मला मुंबईला नेलं ते माझ्या लेकीने. दामिनी आमची एकुलती एक. आटगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, तिथे कुणाकडून तरी तिने हॉस्पिटलचं नाव काढलं आणि बापाला न विचारता मला घेऊन गेली. तिथे फोटो काढायच्या खोलीत जायच्या आधी टाक काढून ठेवायला सांगितला. मी कचरले. दामिनी म्हणाली, "दे गो आये, ती माझ्याकडं बसंल तेवढा वेळ."

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती अंगाला आपलं-परकं ओळखायला शिकवते म्हणे, आणि वय वाढलं की काम संपवून आपोआप वितळते. माझ्या त्या ग्रंथीत गाठ धरली होती, आणि त्या गाठीपायी माझं अंग माझ्याच स्नायूंना परकं समजून त्यांच्याशी भांडत होतं. लाखात एखाद्याला होतं असं, डॉक्टर म्हणाले. लाखातनं मला बरोबर शोधून काढायला देवाला जमतं, रस्ता द्यायची वेळ आली की आमचं गाव त्याला सापडत नाही.

ऑपरेशन झालं. धाऊ भेटायला आला आणि गाठ नेमकी कुठे होती ते त्याला कळलं, तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "टाकाच्या बराबर खाली." मी म्हटलं, "मग भगताला पण इथंच नोकरी लावा."

हळूहळू पापणी वर राहायला लागली. मी पोटभर भाकरी खाल्ली त्या दिवशी मला रडू आलं. भाकरीपायी रडणारी बाई मी पहिलीच असेन.

काढलेली गाठ त्यांनी आणखी तपासायला पाठवली होती. काही आठवड्यांनी बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मराठी बोलायच्या. म्हणाल्या, "गाठीतल्या एका जीनमध्ये बदल सापडलाय. एवढ्या मोठ्या पोथीत एकच अक्षर बदलावं, तसा. पण ही चांगली खूण आहे. असा बदल असलेली गाठ बहुतेक मवाळ असते, फार पसरत नाही."

दामिनीने लगेच विचारलं, "मग मला पण होणार का?"

"नाही गं. हा बदल गाठीत जन्मला आणि गाठीबरोबर गेला. यांच्या रक्तातही आम्ही बघितलं, तिथे तो नाही. आईकडून तुझ्याकडे काहीही गेलेलं नाही."

दामिनीला एवढा आनंद झाला की हॉस्पिटलच्या जिन्यातच तिने शेखरला फोन लावला. शेखर म्हणजे तिचा ठरलेला नवरा, वैशाखऱ्याचा, मुरबाडला कंपनीत कामाला. सुपारी फुटली होती, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. जिन्यात उभी राहून ती ओरडत होती, "आयेचा जीनचा रिपोर्ट चांगला आला!" लोक वळून बघत होते. इतकी चांगली बातमी आमच्या घरात बऱ्याच वर्षांत आली नव्हती. त्या बातमीनेच आमचा घात केला.

शेखरची आई सरस्वती. तिची ओळख करून द्यायची तर तिचं बी सांगावं लागेल. वैशाखऱ्याच्या आजूबाजूची किती तरी गावं भाताचं बी तिच्या घरून नेतात. कापणीच्या आधी ती स्वतः बांधाबांधाने फिरते, लोंबी हातात घेऊन बघते, आणि तिने निवडलेल्या कोलमात वेगळा दाणा शोधून सापडायचा नाही. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं की शेतात एखादी लोंबी तांबडी निघाली तर नुसती उपटून भागत नाही. ती एक दिसली, बाकीच्या दाण्यात लपलेल्या असतात. पुढच्या वर्षी अर्धं शेत तांबडं होतं. म्हणून त्या घरचं बी मग कुणी मागत नाही. बी बदलतात, दुसऱ्या घरून आणतात. भाताला हे खरंच आहे. सरस्वतीने आयुष्यभर हेच केलं आणि ती कधी चुकली नाही, म्हणूनच माणसाच्या बाबतीत ती चुकतेय हे तिला कुणी पटवू शकलं नाही.

ती आली, पडवीत बसली, चहा घेतला. माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "राहीबाय, तुमच्यात बदल निघाला म्हनं."

"गाठीत निघाला, विहीणबाई. माझ्यात नाय. गाठ काढली, गेला."

"गाठ कुनाच्या अंगात व्हती?"

मी रक्त तपासल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. तिचा शांतपणाच मला खात होता. बाई भांडली असती तर मी दोन शब्द जास्त बोलले असते.

"डाक्टरला तुमच्या येका गाठीचं कळतं," ती म्हणाली. "मला बियाचं कळतं. लोंबी तांबडी निघाली का आमी ते बी घेत नाय, बाय. तुमच्यावर राग नाय माझा. दामिनी पोर चांगली हाय. पण तिच्या पोटी माझी नातवंडं यायची."

चहाचा कप तिने स्वतः विसळून ठेवला आणि गेली. रीतभात कशी, ते तिच्याकडून शिकावं.

दामिनीने डॉक्टरीणबाईंना फोन करून शेखरशी बोलायला लावलं. बाई बिचाऱ्या अर्धा तास बोलल्या. मग शेखर मला फोनवर म्हणाला, "मावशी, मला पटलंय सगळं. मी वाचलं पन मोबाईलवर. असा बदल वारसाने येत नाय."

"मग?"

"पन आईला कोन सांगनार?"

बी.एस्सी. झालाय. शिकून एवढं आलं.

दामिनी जेवेना. कंपनीत जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. तिचं त्या मुलावर मन होतं, नुसतं ठरलेलं लग्न नव्हतं ते. आणि आमच्याकडे सुपारी फुटून लग्न मोडलेल्या पोरीकडे लोक कसे बघतात ते मला सांगायला नको होतं. त्यातून कारण असं की ती कुठेही गेली तरी ते तिच्या आधी तिथे जाऊन बसणार होतं. तांबड्या लोंबीची पोर.

मध्यस्थ होते माझे धाकटे दीर, सुनिल भावजी. लग्नं जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरायचा नाही. ते एका दुपारी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "शंभर खोटं बोलावं, पन येक लग्न जुळवावं. मी सरस्वतीबाईचं ऐकून आलोय. तिचं म्हननं काय, बी नको. तर आपन बी बदलू."

"म्हंजे?" धाऊने विचारलं.

"गिरजा वहिनी बाळंतपनात गेली. खरं हाय ना? पोर पन गेलं, तेवढं फक्त बोलायचं नाय. पोर जगलं. तीच दामिनी. राही वहिनीनं वाढवली, पोरीला पन कदी कळू दिलं नाय. शाळेत आई म्हनून नाव लागलं ते पन त्याच्यापायीच. झालं, बी गिरजा वहिनीचं."

"आनि मी कोन?" मी विचारलं.

"तुमी वाढवलीत की! त्यात काय मान कमी हाय?"

"गावाला तोंडं नायत काय?"

"गावाचं मी बघतो. आपल्या पोरीसाठी गाव एक होतं."

आणि झालंही. विहिरीचा गाळ काढायला ज्या गावाचं एकमत होत नाही, त्या गावाने एका दिवसात माझी कूस पुसून टाकली. कुणी वाईट हेतूने नाही. सगळे दामिनीचं भलंच बघत होते, त्यामुळे कुणाला शिवीही देता येईना.

पण ते नंतर. त्या दुपारी मी धाऊकडे बघितलं. तो टाचेची भेग चाचपत होता. मी वाट बघत होते ती दामिनीची. ती उंबऱ्याशी बसून तांदूळ पाखडत होती. मला वाटलं, आता सूप आपटेल. आता ओरडेल, काकाला घराबाहेर काढेल. माझी लेक आहे ती, तिची जीभ माझी आहे.

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नावापुरतंच तर हाय, आये. येकदा लग्न झालं का मी सोता सांगीन त्यांना."

नावापुरतं. मी तिच्या वयाची असते तर असं बोलले नसते, असं मनाशी म्हटलं खरं. मग आठवलं की तिच्या वयाची असताना मी मेलेल्या बाईचा टाक गळ्यात अडकवून मुकाट्याने या घरात आले होते. तिला तरी कुणाकडे बघून बोलायची सवय लागणार होती?

"जा," मी सुनिल भावजींना म्हटलं. "सांगा. बी गिरजाचं."

सरस्वती लगेच आली. या वेळी तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते, खरोखरचे. "आधी का नाय सांगितलंत, राहीबाय? सावत्र पोरीवर येवढी माया! सोताचं नाय झालं, तरी मन केवढं हाय तुमचं." मी मान खाली घातली. लाजले, असं तिला वाटलं असेल.

हळदीच्या दिवशी वैशाखऱ्याच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. आमच्याकडे लग्नात धवळे म्हणणारी धवलारीण लागते, आणि गावची धवलारीण काशी. नवरीच्या आईबापाची नावं गुंफून ती गाते, मग सगळ्या बायका मागून म्हणतात. हीच काशी आमच्या गावची सुईण. दामिनी जन्मली तेव्हा पाऊस एवढा होता की ओढ्यापलीकडे जाता येईना, तेव्हा काशीनेच मला सोडवलं होतं. दामिनीची नाळ तिने कापली, आणि हनुवटीची खळी बघून तीच पहिल्यांदा म्हणाली होती, "आयशीवर गेली गो."

आता ती मांडवात बसली, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून विचारलं, "आयेचं नाव काय घालू?"

तिला माहीत नव्हतं असं नाही. सुनिल भावजी तिच्याही घरी जाऊन आले होते. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

"गिरजाचं घाल," मी म्हटलं.

काशी गायली. धाऊ बापाची लेक, गिरजा आयेच्या पोटची, नऊ महिने वागवली, आज हळदीत बुडवली. बायका मागून म्हणत होत्या. आमच्याच आळीतल्या बायका, माझ्या डोहाळजेवणाला जेवून गेलेल्या. मीही म्हटलं. न म्हणून चाललं नसतं, वैशाखऱ्याच्या बायका बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी विहिणीचा मान द्यायची वेळ आली. सरस्वतीने फार विचार करून केलं सगळं, तिला कुठे कमी पडू द्यायचं नव्हतं. माझ्या गळ्यातला टाक काढायला लावला, पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि नवरीच्या आईच्या मानाची हिरवी साडी टाकापुढे ठेवली. मला ब्लाऊजपीस दिला. मेलेल्या बाईला साडी आणि जिवंत बाईला ब्लाऊजपीस, असं माप मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. दामिनी पाटासमोर वाकली, नमस्कार केला. मग माझ्या पाया पडली. पडताना तिने माझी पावलं घट्ट धरली, एवढं मात्र तिने केलं.

लग्नानंतर ती सणाला आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "इतक्यात नको, आये. आताच कुठं त्यांचा जीव बसलाय माझ्यावर." मी म्हटलं, बरं. पुढच्या खेपेला आली ती दिवस राहून. म्हणाली, "आता कसं सांगू? आता तर पोटात हाय." मी म्हटलं, बरं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. मी आतली खोली सारवली, धाऊच्या जुन्या धोतरांची बाळोती करून धुऊन ठेवली, डिंक आणला, तूप कढवलं. माझ्या हातात आता ताकद होती. गोळ्या चालू होत्या, पण अख्खा हंडा डोक्यावर घेत होते. नातवंडाला न्हाऊमाखू घालायला हे हात वाचले, असं मला मनापासून वाटायचं. सातवा लागला तसा मी धाऊला घेऊन वैशाखऱ्याला तिला आणायला गेले.

सरस्वतीने जेवायला वाढलं आणि अगदी गोडीने सांगितलं, "दामिनी हितंच ऱ्हाईल. आई असती तर गोष्ट येगळी. पयलं बाळंतपन, काय कमीजास्त झालं तर? तुमच्या मायेबद्दल काय बोलनं नाय. पन राहीबाय, तुमचं कदी झालंच नाय, तुमाला त्यातलं काय कळनार?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. धाऊने माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं. शेखर मान खाली घालून जेवत होता. त्याला तरी काय माहीत होतं म्हणा. दामिनी वाढायला उभी होती. तिने मला आणखी भात वाढला.

मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला बोलावणं आलं तेव्हा मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. खोलीत शेगडी होती, ओव्याचा धूर होता. सरस्वती नातीला मांडीवर घेऊन बसली होती, खुशीत. "बघा, हनुवटीला खळी," ती आलेल्या बायकांना दाखवत होती. "आमच्या कुनात नाय ही. दामिनीची हाय तशी. गिरजाबायवर गेली असनार, जाताना खूण ठेवून गेली बिचारी."

माझी हनुवटी तिथेच होती, तिच्यापासून हातभर लांब. बियाची एवढी पारख असलेल्या बाईने एकदा वर मान करून बघितलं असतं तर! पण तिचं बी ठरलेलं होतं, मग लोंबीकडे कशाला बघेल?

मी हात पुढे केले. सरस्वतीने पोरीला हलकेच पदराआड घेतलं. आवाज खाली आणून, कुणाला ऐकू जाऊ नये अशी काळजी घेऊन म्हणाली, "आज नको, राहीबाय. आज सटवाय येते. ज्यांची कूस उजवली त्यांनीच घ्यायचं आज. रागावू नका."

मी दामिनीकडे बघितलं. ती खाटेवर बसली होती, डोक्याला फडकं बांधून. तिने ऐकलं होतं. मला एकच गोष्ट हवी होती, ही माझी सख्खी आये, एवढं तिने म्हणावं. मी पुढचं सगळं केलं असतं, भांडले असते, सरस्वतीच्या पाया पडले असते, शेखरला डॉक्टरीणबाईंचे शब्द पुन्हा म्हणायला लावले असते. दामिनी मांडीवरच्या गोधडीचा दोरा ओढत बसली.

मीही बोलू शकत होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बाहेर पडलं असतं तर पाच दिवसांची ती पोर त्याच क्षणी तांबडी झाली असती, आणि तिच्यामागून तिची आई. मी गिळलं. जबडा चालत नव्हता तेव्हाही कुठला घास मला इतका जड गेला नव्हता. लाडवांचा डबा कोनाड्यात ठेवला आणि पूजा सुरू व्हायच्या आधी निघाले.

मागच्या महिन्यात तपासणीला मुंबईला गेले होते, एकटीच. टाक काढून पिशवीत ठेवला, फोटो काढला. डॉक्टरीणबाई खूश होत्या. गाठीचा मागमूस नव्हता, पापण्या सरळ, हात सरळ. त्यांनी मला बोटाकडे बघायला लावलं, वर, खाली, बाजूला. "डोळे आता अगदी लख्ख उघडतात," म्हणाल्या. मग विचारलं, "आणि मुलगी कशी आहे तुमची? फार घाबरली होती तेव्हा."

"बरी हाय. पोर झाली तिला."

"अरे वा! तिला सांगा, मुळीच काळजी करायची नाही. तुमच्याकडून तिला काहीच गेलेलं नाही."

मी टाक गळ्यात घातला, पदर नीट केला.

"हो बाई," मी म्हटलं. "खरंच, काहीच गेलं नाय."